वजनाच्या तक्त्यातले ऋतू



 

चौदा-पंधरा वर्षांची मुलगी समोर बसलेली असते. गालफडं बसलेली, मनगटाची हाडं वर आलेली. आणि तिची आई सांगते, "डॉक्टर, उन्हाळ्यात ही दर वर्षी अशीच उतरते. पाऊस पडला की भरेल." हे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलं आहे. त्या आईचं म्हणणं निराधार नसतं. ऋतूंनुसार मुलांचं वजन खरोखरच वरखाली होतं. पण नेमका त्याच आधारावर ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया झालेल्या मुलीचा आजार कित्येक महिने लपून राहतो. ऋतूचा परिणाम कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो हे ओळखायचं कसं, एवढंच मला आज मांडायचं आहे.

निरोगी मुलांपासून सुरुवात करते. १८८० च्या दशकात कोपनहेगनमधल्या मूकबधिर मुलांच्या संस्थेचे प्रमुख रासमुस मालिंग-हान्सेन यांनी आपल्या विद्यार्थ्यांची वजनं आणि उंची रोज, न चुकता मोजली आणि १८८६ मध्ये ते काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं ते असं : मुलांचं वजन शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला झपाट्याने वाढतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबतं किंवा थोडं घटतंही, उंचीची वाढ मात्र वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला जोरात असते. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सहाव्या अध्यायात, तस्याशितीयात, हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो आणि त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही तर तो शरीरातलाच रस खातो, असं म्हटलं आहे. ग्रीष्म आणि वर्षा ऋतूंत माणसाचं बळ सर्वांत कमी असतं, असंही. दोन हजार वर्षांच्या अंतराने आणि अगदी वेगळ्या हवामानात केलेली ही निरीक्षणं एकाच दिशेला जातात. उकाड्यात भूक मंदावते, थंडीत वाढते, आणि निरोगी शरीर दोन्ही वेळा आपला हिशोब वर्षभरात जुळवून घेतं.

आजारी शरीराला तो हिशोब जुळवता येत नाही. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं. नाडी मंदावली, मनात अन्नाखेरीज दुसरा विषय उरला नाही, काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आणि ऐन उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजत होती. आपल्या ओपीडीत एप्रिलमध्ये स्वेटर घालून येणारी मुलगी हीच गोष्ट सांगत असते. स्वतः ताटाला हात न लावता घरच्यांसाठी तासन्‌तास केक आणि पास्ता करणारी मुलगीही तेच सांगत असते. उपाशी शरीर ऊर्जा वाचवण्यासाठी थायरॉइडचं काम कमी करतं, ऊब राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तप्रवाह आखडतं, पाठीवर आणि दंडांवर बारीक लव उगवते. अशा शरीरावर हिवाळा दुप्पट भार टाकतो. २०१५ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखल झालेल्या ॲनोरेक्सियाच्या किशोरवयीन रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा केवळ खाणं कमी करणाऱ्या मुलींचा बॉडी मास इंडेक्स थंडीच्या महिन्यांत आणखी कमी आढळला. उलट्या करणाऱ्या किंवा रेचकं घेणाऱ्या मुलींमध्ये तसं चित्र दिसलं नाही. एकाच नावाच्या आजाराचे दोन उपप्रकार ऋतूला वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे उपचार ठरवताना फार महत्त्वाचं आहे.

उबेचा विचार नवा नाही. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव ज्यांनी दिलं त्या विल्यम गल यांनी १८७४ च्या आपल्या निबंधातच रुग्णाच्या पाठीच्या कण्यालगत गरम पाण्याने भरलेली रबरी नळी ठेवल्याचं लिहिलं आहे. पुढे प्रयोगशाळेत दिसलं, की खाणं मर्यादित ठेवून चाक दिलेले उंदीर धावधावून स्वतःला झिजवतात आणि आसपासचं तापमान वाढवलं की त्यांचं ते धावणं कमी होतं. हे वाचून अनेकांना वाटलं, की ऊब हाच उपाय. पण २००४ मध्ये व्हँकुव्हरमधल्या एका लहान चाचणीत ऊब देणारं जाकीट घातल्याने वजनवाढीत फरक पडला नाही. म्हणून मी माझ्या वॉर्डात ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देते ती मुलीला बरं वाटावं म्हणून. वजन अन्नानेच वाढतं.

बुलिमियाचं गणित वेगळं. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. त्यात गोड आणि पिष्टमय खाण्याची ओढ वाढते. बुलिमियाच्या काही रुग्णांमध्ये अधाशीपणे खाण्याचे झटके थंडीत वाढतात, आणि १९९४ मध्ये व्हँकुव्हरच्या रेमंड लॅम यांनी त्यांच्यावर प्रकाश-उपचार करून पाहिला, त्याचा काही उपयोगही झाला. मात्र ते निष्कर्ष जसेच्या तसे इथे आणू नयेत. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे ११ तासांचा असतो. व्हँकुव्हरमध्ये तो जेमतेम सव्वाआठ तासांचा.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. हवामान हा ऋतूचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा घरच्या कॅलेंडरवर असतो, आणि आपल्या केस पेपरवर त्याला जागाच नसते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांचा बॉडी मास इंडेक्स शाळा चालू असताना जितका वाढतो त्यापेक्षा उन्हाळी सुट्टीत वेगाने वाढतो, असं दिसलं. तापमान पाहिलं तर उलटं व्हायला हवं होतं. तिथे शाळेच्या शिस्तीचा आणि वेळापत्रकाचा प्रभाव ऋतूवर मात करून गेला.

आपलं वेळापत्रक पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा, मग प्रवेश परीक्षा. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरमध्ये क्लाससाठी राहणारी मुलं मेसचा डबा खातात, आणि तो डबा रिकामा कुणी केला हे पाहणारं तिथे कुणी नसतं. नेमक्या त्याच दिवसांत मराठवाड्यातलं ऊन तापत असतं. वैशाखात लग्नं. वर्षभराने भेटलेल्या आत्या-मावशा मुलीला पहिलं वाक्य तिच्या अंगाबद्दल ऐकवतात. "किती सुटलीस गं!" एवढ्यावर डाएट सुरू झालेल्या मुली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मुलगे जूनमध्ये कॉलेज सुरू होण्याआधी जिममध्ये जातात, पोळी-भात सोडतात, पावडरवर राहतात, आणि मुलगा आहे म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मग पावसाळा, टायफॉइड, कावीळ. तापातून उठलेल्या मुलीचं वजन उतरलेलं असतं. वर्गात तिचं कौतुक होतं, आणि ते उतरलेलं वजन ती परत येऊ देत नाही. पावसाळी आजारानंतर दोन महिन्यांत भूक परतली नाही, तर क्षयरोग, सीलिॲक, थायरॉइड तपासाच, पण त्याचबरोबर मुलीला एकटीला बसवून तिला जेवणाबद्दल काय वाटतं तेही विचारा. ती जाड होण्याच्या भीतीविषयी बोलेलच असं नाही. हाँगकाँगच्या सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं, की पोट गच्च वाटतं, भूक नाही, एवढंच सांगणाऱ्या मुलींनाही ॲनोरेक्सिया असू शकतो. आपल्याकडेही पोट फुगल्याची तक्रारच जास्त ऐकू येते.

आणि उपास. या विषयावर मला सावकाश बोलायचं आहे, कारण इथे डॉक्टरने तोल सोडला तर घर कायमचं दुरावतं. आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, हरितालिका, नवरात्र. कुणाच्या घरी नऊ दिवस, कुणाकडे उठता-बसता. जैन घरांत भाद्रपदातल्या पर्युषणात शाळकरी मुलंही अठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपास, करतात. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे २०१८ मध्ये रोजे मे-जूनच्या उन्हात आले आणि २०३० मध्ये ते हिवाळ्यात येतील. म्हणजे एकाच मुलीच्या वयात येण्याच्या काळात त्यांचा ऋतू बदलतो. उपासाने ॲनोरेक्सिया होतो असं मी म्हणत नाही. तूप-जिऱ्याची फोडणी आणि दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचा भात खाणाऱ्या मुलीचं वजन नवरात्रात कमी व्हायचं काहीच कारण नाही. आजारी मुलगी मात्र लिंबूपाण्यावर राहते, रात्री गरब्याला तीन तास नाचते, आणि दसऱ्याला घरच्यांबरोबर उपास सोडायला बसत नाही. घरात सगळे उपाशी असले की न खाणं डोळ्यांवर येत नाही. म्हणून प्रश्न विचारायचा तो उपास किती केले असा नव्हे. तो सोडताना तिने काय खाल्लं, हे विचारा. निदान झालेल्या मुलीला मात्र उपास बंद, हे स्पष्ट सांगावं लागतं, आणि घरच्यांना ते पटवायला धर्माचाच आधार मिळतो. इस्लाममध्ये आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे. जैन कुटुंबांना मी महाराजसाहेबांशी बोलायला सांगते. देवीपुढे आजीने नातीच्या वतीने उपास धरला, अशी घरंही मी पाहिली आहेत, आणि त्या आजींबद्दल मला फार आदर वाटतो.

दिवाळीत फराळाचे डबे भरलेले असतात. बुलिमियाच्या मुलीसाठी ते पंधरा दिवस सर्वांत कठीण. रात्री डबा रिकामा, मग उलट्या, मग रक्तातलं पोटॅशियम खाली. दिवाळीनंतरच्या पहिल्या भेटीत ते तपासल्याशिवाय तिला घरी पाठवू नका.

मग ऋतू आणि आजार वेगळे कसे करायचे? एका मोजणीने मुळीच होणार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी सुधारित वाढ-आलेख दिले आहेत. ते भिंतीवर न लावता मुलीच्या फाइलीत लावा. बारा ते पंधरा या वयात वजन दर वर्षी काही किलोंनी वाढायलाच हवं. जूनमध्ये जितकं वजन होतं तितकंच पुढच्या जूनमध्ये असेल, तर आई "वजन स्थिर आहे" म्हणेल. आपल्या दृष्टीने ती घट आहे. उन्हाळ्यात उतरलेलं वजन निरोगी मुलगी आश्विन-कार्तिकापर्यंत भरून काढते आणि वर जाते. भरून काढत नसेल, तर दुसऱ्या उन्हाळ्याची वाट पाहू नये. वजन नेहमी त्याच काट्यावर, हलक्या गाऊनमध्ये, लघवीला जाऊन आल्यावर घ्या. जानेवारीतला स्वेटर आणि मे महिन्यातलं आटलेलं पाणी दोन्ही आकडा फसवतात. आणि जागेपणी दिवसा नाडी ५० च्या खाली असेल, तर ऋतू कोणताही असो, तिला दाखल करा.

आपल्याकडे या विषयावर काम कमी झालं आहे. दिल्लीहून १९९५ मध्ये काही रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध झालं, चेन्नईहून १९९८ मध्ये प्रश्नावली आली. ऋतूंविषयीचा अभ्यास आपल्या राज्यात सहज होऊ शकतो, कारण हवामानाची इतकी विविधता इथेच आहे : चंद्रपूरचा मे, निफाडचा जानेवारी, रत्नागिरीचा जुलै. विदर्भातल्या शाळा तर उन्हामुळे उशिरा उघडतात, म्हणजे ऊन आणि सुट्टी यांचा परिणाम वेगवेगळा पाहण्याची सोय आयतीच आहे. परिषदेच्या उद्याच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे : खाण्याच्या विकारांसाठी येणाऱ्या प्रत्येक किशोरवयीन रुग्णाच्या वजनाची नोंद दर भेटीला तारखेसह व्हावी, शेजारी गाव, परीक्षा, उपास, आजारपण आणि सुट्टी यांचा एका ओळीत उल्लेख असावा, नाव-गाव कळणार नाही अशा रीतीने या नोंदी एकत्र याव्यात, आणि हे किमान दोन वर्षं चालावं. नोंदीचा नमुना आपल्या पिशवीत ठेवला आहे. त्यात काय कमी आहे, काय नको आहे, ते आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याकडे लिहून द्यावं. जिल्हा रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या सूचना मला सर्वांत आधी हव्या आहेत, कारण रोज काट्यापाशी त्याच उभ्या असतात.