छापलेला कौल आणि आपले मत



भीमा नदीच्या एका अंगाला शिरूर तालुका, दुसऱ्या अंगाला दौंड. दोन्हीकडे आमचे साक्षरतेचे वर्ग चालतात. वर्गातल्या एखाद्या आजीला वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला, की आम्हाला फार आनंद होतो. पण त्याच दिवशी एक काळजीही लागते. नवे वाचायला शिकलेल्या माणसाला छापलेले सारेच खरे वाटते. पुढे एखादी बातमी मनाविरुद्ध निघाली, की त्याच माणसाला सारेच खोटे वाटू लागते. दोन्ही वाटा चुकीच्या. म्हणून आज आपण बातमी कशी वाचावी आणि निवडणुकीचा कौल कसा वाचावा, हे पाहू.

आधी आपल्या कांद्याची गोष्ट घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये ती बंदी उठवली. बंदी आली तेव्हा शहरातल्या घरी ती स्वस्ताईची बातमी होती. कांदा काढून बाजाराची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी तीच भाव पडल्याची बातमी होती. भाव एकच, घेणाऱ्याला तो गोड, विकणाऱ्याला कडू. आता यातली कोणती बाजू पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापायची आणि कोणती आतल्या पानाच्या कोपऱ्यात, हे कुणीतरी ठरवतो. एकही अक्षर खोटे न लिहिता बातमी एका बाजूला झुकवता येते, ती अशी.

वर्तमानपत्राला स्वतःची बाजू असणे हे पाप नव्हे. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र काढले. ते शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची बाजू मांडी, आणि उघडपणे मांडी. वाचणाऱ्याला ठाऊक असे, की बोलणारा कोण आहे. वाईट आहे ते बाजू लपवणे. २००९ साली महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हा एकाच उमेदवाराची स्तुती, शब्दाला शब्द तीच, वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापून आल्याचे उघडकीला आले. पैसे घेऊन जाहिरात छापावी. तिला जाहिरात म्हणावे. पैसे घेऊन तिला बातमी म्हणणे ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे. पुढे प्रेस कौन्सिलने या प्रकाराची चौकशी केली.

आता कौलाकडे वळू. देवाला लावतात तसा हा कौल नव्हे. हा हिशेब आहे. थोड्या माणसांना विचारायचे आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. आयाबायांना हे नवे नाही. शितावरून भाताची परीक्षा तुम्ही रोजच करता. पण वरचेच शीत चेपून पाहिले आणि खाली भात कच्चा राहिला असला, तर? आधी पळी तळापर्यंत फिरवावी लागते.

अमेरिकेत १९३६ साली असेच घडले. एका मासिकाने मते मागवली. वीस लाखांहून जास्त लोकांनी उत्तरे पाठवली. मासिकाने सांगितले, रूझवेल्ट पडणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. चूक कुठे झाली? मासिकाने पत्ते घेतले ते बहुतेक टेलिफोन आणि मोटारगाडी असलेल्यांचे. गरिबाला कुणी विचारलेच नाही. शिते पुष्कळ तपासली, पण सगळी वरची.

आपल्याकडचे पाहा. २०२४ च्या लोकसभेसाठी दौंडने बारामती मतदारसंघात ७ मे रोजी मत दिले. शिरूरने १३ मे रोजी दिले. १ जूनच्या संध्याकाळी, देशातले शेवटचे मतदान संपल्यावर, एक्झिट पोल आले. त्याआधी ते दाखवायला कायद्याने बंदी आहे. बहुतेकांनी सांगितले, सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेहून जास्त जागा मिळतील. ४ जूनला मिळाल्या २९३. तेव्हा विरोधी बाजूची माणसे म्हणाली, “सगळे विकले गेलेत.”

पुढे नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. २८८ पैकी २३० जागा महायुतीला मिळाल्या. एवढा मोठा आकडा बहुतेक कौलांना दिसला नव्हता. म्हणजे जूनमध्ये सत्तेच्या बाजूला जास्त दाखवले गेले, नोव्हेंबरात कमी. मग कौलवाले कुणाचे म्हणायचे? चूक झाली म्हणजे लबाडीच झाली, असे नाही. आपण मात्र आपली बाजू हरताना दाखवली की लबाडी म्हणतो, जिंकताना दाखवली की शाबासकी देतो. हा कल आपल्याच डोळ्यांतला आहे.

या चुकीत आपलाही वाटा असतो. वर्गात एक काका म्हणाले, “आवो, विचारणारा कुणाचा माणूस, काय ठावं? मी आपलं म्हनलं, बघू.” एक ताई म्हणाल्या, “आमच्यात मालकच बोलले. मला कुणी इचारलंच न्हाई.” खरे आहे. कुणाला मत दिले हे न सांगणे हा तुमचा हक्क आहे. पण अशी किती घरे कौलात मुकी राहतात, ते ध्यानात घ्या आणि मग आकडा वाचा.

तर मंडळी, यापुढे बातमी किंवा कौल वाचताना चार गोष्टी विचारा. हे सांगतो कोण? त्याला पैसा कोण देतो? किती जणांना विचारले, आणि कुठल्या? दुसरी बाजू काय म्हणते? चौथ्या प्रश्नासाठी दुसरे वर्तमानपत्रही वाचा. नावडते असले तरी वाचा.

आणि एक गोष्ट कधी विसरू नका. “अमका येणारच आहे, मग तुझं मत वाया कशाला घालवतोस?” असे पारावर कुणी म्हणाले, तर त्याला सांगा, की कौल हा अंदाज आहे, मत नव्हे. शाई आपल्या बोटाला लागते. ती लागेपर्यंत काहीच ठरलेले नसते.