मे महिन्यातले पाहुणे

मागच्या महिन्यात आपल्या प्रभागाच्या बैठकीत एका ताईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "मॅडम, मुलगा आणि सून शारजाला आहेत. मे महिन्यात जाऊन येऊ म्हणते. तुम्ही राहिलात ना तिकडे, काय काय नेऊ?" मी म्हटलं, काय न्यायचं ते नंतर, आधी काय न्यायचं नाही ते ऐका. बोलणं लांबत गेलं आणि बाकीच्या बायका म्हणाल्या, हे रेडिओवर सांगा. म्हणून आज कर्जफेडीचा विषय बाजूला ठेवते.

मी 2014 ते 2018 शारजाला होते. मिस्टर एसी दुरुस्तीच्या कामावर, आणि मी एका शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवणारी-उतरवणारी मदतनीस. बी. ए. झाले म्हणून तिकडे कुणी खुर्ची देत नाही हो! पहाटे चारला उठायचं, पाचला बस. घर म्हणजे एकच खोली, त्यातच ओटा. तिला तिथे स्टुडिओ म्हणतात. नाव ऐकून गावाला वाटायचं, केवढं मोठं घर.

आपल्याकडे शाळेला सुट्टी मे महिन्यात. तिथल्या शाळांना सुट्टी लागते जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे पाहुणे मोकळे असतात तेव्हा माझी बस जोरात. आणि मे महिन्यात ऊन असं, की मिस्टरांना जेवायला फुरसत नाही, सगळ्यांचे एसी तेव्हाच बिघडणार. नेमके 2016च्या मे महिन्यात सासूबाई, वन्सं आणि त्यांची दोन मुलं आली. महिन्याच्या व्हिसावर.

यायच्या आधीच पहिलं रुसणं झालं. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले होते, मी फोनवर म्हटलं, "आई, लाडवांत खसखस नको." त्यांना वाटलं, सून आता गावचं खायला लाजते. पण तिथल्या कायद्यात खसखस अमली पदार्थात मोडते. विमानतळावर पिशवीत सापडली तर लाडू होते की काय, हे कुणी विचारत नाही. औषधांचंही तसंच. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही दुखण्याच्या गोळ्या, खोकल्याची औषधं तिथे चालत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, आणि शेजारणीने "माझ्या भावाला एवढं द्या" म्हणून बांधून दिलेला पुडा उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. वाईटपणा येतो, येऊ द्या.

पहिला आठवडा बरा गेला. माझी सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी दुपारी शारजाहून बसने दुबईला गेलो. खाडी ओलांडायला तिथे लाकडी होडी असते, अब्रा म्हणतात. भाडं तेव्हा एक दिरहम होतं. सासूबाई कोकणातल्या, होडीत बसल्याबरोबर पदर खोचून ऐटीत बसल्या. पलीकडे बर दुबईला कापड बाजारामागे तेव्हा देऊळ होतं, आता ते जबल अलीला हलवलंय. तिथे त्या अर्धा तास डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, जिंकलं.

पण उरलेले पाच दिवस? मी दुपारी चारला घरी यायचे तेव्हा चौघं एसीखाली बसलेली असायची. वन्सं एकदा म्हणाल्या, "आम्ही काय भिंती बघायला आलो का?" त्यांचंही खरंच होतं. बाहेर पाय ठेवायची सोय नाही, भाषा येत नाही. मग मिस्टरांनी टॅक्सी करायला सुरुवात केली. मॉल, बुर्ज खलिफाचं तिकीट, बाहेरचं जेवण. खाली तलावातलं कारंजं संध्याकाळी फुकट बघता येतं, पण पाहुण्याला फुकटचं दाखवायला मिस्टरांना कमीपणा वाटायचा.

आता मुद्द्याचं. तिथे घरभाडं चेकने देतात, पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून. आमचे वर्षाचे चार, प्रत्येकी पाच हजार दिरहमचे. तेव्हाचे नव्वद हजार रुपये म्हणा. पुढचा चेक 15 जूनचा. आणि त्या वेळी चेक परत गेला तर तिथे तो गुन्हा होता, पोलीस केस. मी भाड्याचे पैसे डब्यात बाजूला ठेवले होते. तिसऱ्या आठवड्यात बघते तर दोन हजार नऊशे उरलेले. आणि दुसऱ्या दिवशी सोन्याच्या बाजारात जायचं ठरलेलं, वन्संच्या मुलीला कानातलं घ्यायला.

मिस्टर म्हणाले, मित्राकडून घेऊ, आईला कळू देऊ नको. मी रात्रभर जागी होते. पहाटे चारला उठले तर सासूबाईही उठल्या. चहा टाकला आणि त्यांच्यापुढे डबा उघडून ठेवला. पगार किती, भाडं किती, गावाला किती पाठवतो, सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "अगो, मग तो फोनवर दरवेळी सगळं ठीक आहे म्हणतो ते?"

सोनं झालं नाही. वन्सं वर्षभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, आणि मला तेव्हा त्याचं फार लागलं. भाडं आम्ही भरलं, मिस्टरांनी महिनाभर रात्रीची जादा कामं केली. सासूबाई मात्र उरलेले दिवस पहाटे माझ्याबरोबर उठून डबा भरून द्यायच्या. मी बसमध्ये चढेपर्यंत खिडकीत उभ्या असायच्या.

वन्संच्या नवऱ्याचंही एक होतं. तो मागून फोन करून म्हणायचा, मीही येतो फिरायच्या व्हिसावर, बघू काम मिळालं तर. मिस्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, मुदत संपल्यावर राहिलं तर दर दिवसाचा दंड, आणि व्हिसा ज्याने काढला त्याच्याही गळ्याशी येतं. ज्यांना कामाला जायचंय त्यांनी कामाच्याच व्हिसावर जावं. दहावी न झालेल्यांना तर कामासाठी आखाती देशात जायचं तर सरकारची वेगळी परवानगीही लागते. त्यावर पुन्हा कधी बोलू.

तर त्या ताईंनी घरी जाऊन सुनेला फोन केला. काय आणू हे विचारलं नाही. तुला सुट्टी कधी असते आणि भाड्याचा चेक कधी असतो, हे विचारलं. सून आधी गप्पच झाली म्हणे. आता मे महिन्याचं जाणं रद्द झालंय, डिसेंबरमध्ये जाणार आहेत. थंडीही असते आणि शाळांना सुट्टीही. लाडू मेथीचे करणार आहेत.