ब्लॉगचं बिऱ्हाड हलवताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी २००७ सालापासून ब्लॉग लिहितो. काही मंडळी त्याला अनुदिनी म्हणतात. पण माझं लिखाण महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. त्यामुळे तो शब्द मला शोभत नाही. हे सगळं ‘ब्लॉगर’वर आहे. १९९९ साली सुरू झालेली ही सोय २००३ मध्ये गूगलनं विकत घेतली. पैसे पडत नाहीत, देखभाल नाही. आपण लिहायचं, बटण दाबायचं.

गेल्या दिवाळीत माझा भाचा म्हणाला, “मामा, आता वर्डप्रेसवर या. ही जागा तुमची नाही. मालकाच्या मनात आलं की बाहेर!”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. याहूनं जिओसिटीज २००९ साली बंद केलं, तेव्हा कितीतरी लोकांची घरगुती पानं गेली. गूगलनंही २०१३ साली रीडर बंद केलं, २०१९ साली गूगल प्लस. ब्लॉगरवर ज्यांनी अभिप्रायांसाठी गूगल प्लसची जोडणी घेतली होती, त्यांचे ते अभिप्राय त्या वेळी पुसले गेले. मी ती जोडणी घेतली नव्हती. दूरदृष्टी वगैरे काही नाही, निव्वळ आळस!

वर्डप्रेस २००३ च्या मे महिन्यात आलं. ते फुकट आहे, मुक्त आहे, हवं तसं बदलता येतं. पण ते स्वतःच्या ताब्यात ठेवायचं तर इंटरनेटवर जागा भाड्यानं घ्यावी लागते, नावाचेही दरसाल पैसे भरावे लागतात. म्हणजे भाडं भरणारा आहे तोवर घर. मी सत्तरीचा. माझ्यामागे भाडं कोण भरणार, हा प्रश्न भाच्याला विचारला, तर तो म्हणाला, “मी आहे ना!” वय वर्षं तिशी, उत्साह आहे.

मग आम्ही तात्पुरती जागा घेऊन सगळा मजकूर तिथं नेऊन पाहिला. पहिली गंमत पत्त्यांची. मराठी मथळा दिला की ब्लॉगर पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ लिहितं, पुढे एखादा आकडा. वर्डप्रेस मथळा घेतं, पण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात नऊ रोमन चिन्हांचं होतं आणि मर्यादा दोनशेची. ‘आजोळच्या वाड्यातली पावसाळ्यातली दुपार’ हा माझा मथळा ‘पावसा’पाशीच तुटला! दोन्हीकडे रोमन अक्षरांत हातानं पत्ता लिहिता येतो म्हणा. पण जुने पत्ते लोकांनी जपून ठेवलेत, पत्रांतून पाठवलेत, त्यांचं काय?

तरी ते चाललं असतं. अडलं दुसरीकडेच. माझी ताई, म्हणजे या भाच्याची आई, बडोद्याला असायची. माझ्या प्रत्येक लेखाखाली तिचा अभिप्राय असे, बहुतेकदा माझी चूक काढणारा. ‘वाड्यात आड नव्हता, हौद होता’ असा. २०१५ साली ती गेली. नव्या जागी तिचे अभिप्राय आले, नाव आलं, तारीख आली. नावाशेजारचा तिचा छोटा फोटो मात्र आला नाही. तिथं एक करडी, बिनचेहऱ्याची आकृती बसली होती. भाचा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “फोटो हातानं चिकटवता येईल, मामा.” येईलही. मी म्हटलं, “राहू दे.”

तेव्हा सध्या मी आहे तिथेच आहे. मात्र निर्धास्त नाही. ब्लॉगर सगळ्या लेखांची एक फाइल उतरवून देतं. तिच्यात मजकूर येतो, अभिप्राय येतात. छायाचित्रांचे नुसते पत्ते येतात, छायाचित्रं नाहीत. हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि फाइल आहे म्हणून ते निश्चिंत असतात. म्हणून ती फाइल मी दर पाडव्याला उतरवतो, तिची एक प्रत भाच्याकडे असते आणि छायाचित्रं एकेक करून वेगळी उतरवून घेतोय. ताईचा तो फोटो सगळ्यात आधी उतरवला. बाकीच्यांत २०११ पर्यंत आलोय.