दुकान आणि गिऱ्हाईक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दुकान आमचे, माल आमचा. मग गिऱ्हाईक निवडण्याची मुभा आम्हांस का नसावी, असा प्रश्न अधूनमधून कानी येतो. उधारी थकविणाऱ्यास किंवा दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यास परत पाठविले, तर कोणी दोष देणार नाही. परंतु वर्तन पाहून नाकारणे निराळे आणि जन्म पाहून नाकारणे निराळे.

घटनेच्या पंधराव्या कलमाचा पहिला खंड शासनाला बांधतो. दुसरा मात्र खाजगी दुकानदारालाही. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे येथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्यावरून कोणास मज्जाव करता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या ‘दुकान’ शब्दाची व्याप्ती विचारली गेली. डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा की, येईल त्यास सेवा देण्याची ज्याची तयारी आहे त्याची जागा म्हणजे दुकान. नुसता उंबरठा ओलांडू देऊन भागत नाही, अटी मान्य असल्यास सेवाही द्यावी लागते. हाच व्यापक अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये खाजगी शिक्षणसंस्थांस लावला. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल वा सेवा नाकारणे तर १९५५ च्या कायद्याने गुन्हाच ठरले. १९७६ मध्ये त्या कायद्यास नागरी हक्क संरक्षणाचे नाव मिळाले.

आपणां परप्रांतस्थांना मात्र दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्या लागतात. वरील यादीत ‘भाषा’ नाही. शासकीय वा अनुदानित शाळेतील प्रवेशापुरती ती एकोणतिसाव्या कलमात आहे; वाण्याच्या दुकानापुरती नाही. दुसरे, भाड्याची खोली म्हणजे दुकान नव्हे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व स्वधर्मीयांपुरते ठेवण्याचा नियम २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. आम्हांस तो निर्णय पटत नाही, पण तो आहे.

बदलीच्या नोकरीत आम्ही अनेक घरे पाहिली. भाडे सांगण्याआधी आडनाव विचारले जाई, मग मासे खाता काय, हे. आता आपल्यातील पुष्कळांची स्वतःची घरे झाली आहेत आणि तेच प्रश्न शुद्ध मराठीत विचारले जातात.

आपले सभागृहही लग्नकार्यास भाड्याने दिले जाते. त्याच्या अर्जात ‘ज्ञाती’ हा रकाना अद्याप आहे. नवे अर्ज छापण्यापूर्वी तो वगळावा, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे.