बुलढाण्याच्या वतीने

अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेले बुलढाणा आज परिषदेसाठी राज्यभरातून आलेल्या शिक्षकांचे मनापासून स्वागत करीत आहे. मलकापूर स्टेशनवर उतरून घाट चढताना पाहुण्यांना त्रास झाला, याची स्वागत समितीला जाणीव आहे.

जिजाऊंचे सिंदखेड राजा आणि उल्केच्या आघाताने घडलेले लोणार सरोवर याच जिल्ह्यात. ती नावे सर्वांना ठाऊक आहेत. ताराबाई शिंदे हे नाव मात्र त्यांच्या गावातही पुरेसे घेतले जात नाही. बुलढाण्याने अभिमान बाळगायचा, तर आधी त्यांचा!

वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनी लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला बोल लावणे सुरू झाले. त्याला ताराबाईंचे उत्तर म्हणजे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक. 1882 मध्ये पुण्यात त्याच्या 500 प्रती छापल्या. विधुराने लगेच बोहल्यावर चढावे आणि विधवेने जन्मभर कोंडून घ्यावे, हा न्याय कोणाचा, असे या बाईंनी थेट विचारले. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले, ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले.

या परिषदेचा विषय भविष्यातील दुःस्वप्नांच्या कादंबऱ्यांचा, आणि ताराबाईंचा प्रश्न तिथेही भेटतो. मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (1985) बायकांच्या नोकऱ्या आणि बँकखाती एका फटक्यात जातात, वाचनावरही बंदी येते. इतिहासात कुठेच न घडलेले काही लिहायचे नाही, हा लेखिकेचा नेम होता. म्हणून नववी-दहावीच्या वर्गात त्यातील निवडक उतारे ताराबाईंसोबत वाचावेत: नियम कोणी केला, सोय कोणाची, शिक्षा कोणाला? नाओमी ऑल्डरमन यांच्या ‘द पॉवर’मध्ये (2016) मुलींच्या हातांत विजेची ताकद येते आणि पुढे स्त्रियाही जुलूम करू लागतात. ही कथा ऐकली की वर्गातल्या मुलांना आपण आरोपी असल्यासारखे वाटणार नाही, चर्चा सत्तेवर येईल.

निवासाच्या खोल्या कमी पडल्या, काहींना वसतिगृहात दाटीने राहावे लागत आहे. समिती क्षमा मागते. मंडप विनामूल्य देणारे व्यापारी, बस देणाऱ्या शाळा, ज्वारीचे पीठ पाठवणारे शेतकरी, पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या बचत गटातील भगिनी आणि नाव जाहीर करू नका असे सांगून मोठी देणगी देणारे निवृत्त शिक्षक, या सर्वांचे बुलढाणा ऋणी आहे. जेवणात काही कमी वाटल्यास पाहुण्यांनी स्वयंसेवकांना निःसंकोच सांगावे.