गोळी देणारा हात



मैदानावर शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे विषयाची सुरुवातही मैदानापासूनच करतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आमच्या मैदानावर पहाटे पाचला येतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. या तिन्हींचे मिळून पन्नास गुण, आणि त्या पन्नासांवर एकेका घराचे डोळे लागलेले. त्यांतला एक मुलगा सोळाशे मीटर पुरं करून खाली बसला आणि त्याच्या पिशवीतून काचेची एक छोटी बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली. रबरी बूच, त्यावर पत्र्याचं झाकण. मी उचलून नाव वाचलं. मेफेन्टरमिन.

“कशासाठी रे हे?”

“दम लागत नाही सर.”

“दिलं कुणी?”

तो बुटाची नाडी सोडत राहिला आणि पुन्हा बांधत राहिला.

हे औषध असतं शस्त्रक्रियेच्या खोलीत. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली येतो, तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे वापरतात. समोर मॉनिटर चालू असतो, हाताशी ऑक्सिजन असतो. तेच औषध धडधाकट पोरानं टोचून घेतलं की हृदय जोरात धावू लागतं आणि थकवा जाणवेनासा होतो. थकवा जात नाही, जाणवत नाही एवढंच. थकवा हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याचं तोंड दाबून हे पोर धावत होतं. पुणे, सांगली, कोल्हापूर या भागांत पोलिसांनी या इंजेक्शनांचे साठे वारंवार पकडले आहेत, आपण त्या बातम्या वाचल्या असतील. खेळाच्या बंदी यादीतही हे नाव आहे.

माझा दुसरा प्रश्न, दिलं कुणी, तो मात्र अनुत्तरितच राहिला. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाबद्दल आहे.

उत्तेजकं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पकडला गेलेला खेळाडू येतो. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला, तीन दिवसांत त्याच्या लघवीत स्टॅनोझोलॉल सापडल्याचं जाहीर झालं आणि पदक काढून घेतलं गेलं. हे नाव माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्याचा प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस आणि डॉक्टर जेमी अ‍ॅस्टाफन ही नावं मात्र फार थोड्यांना आठवतील. कॅनडा सरकारनं नेमलेल्या चौकशीत हे दोघेही साक्षीला उभे राहिले आणि कुणी काय दिलं ते नोंदलं गेलं. तरी जगाच्या स्मरणात राहिला तो धावणाराच.

गोळी देणारा हात किती मोठा असू शकतो, हे पाहायचं तर पूर्व जर्मनीत जावं लागतं. हा देश आता नकाशावर नाही. लोकसंख्या होती पावणेदोन कोटींच्या आतबाहेर. १९७६च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये या चिमुकल्या देशानं ४० सुवर्णपदकं जिंकली, अमेरिकेपेक्षा सहा जास्त. जलतरणात महिलांच्या १३ शर्यती होत्या, त्यांतल्या ११ पूर्व जर्मनीच्या मुलींनी जिंकल्या. अमेरिकेची शर्ली बाबाशॉफ त्यांच्यामागे दुसरी येत राहिली. त्या मुलींचे घोगरे आवाज आणि रुंद खांदे पाहून ती उघडपणे बोलली, तर तिच्याच देशातल्या वर्तमानपत्रांनी तिला हरल्यावर रडणारी, चिडखोर ठरवलं. तिचं म्हणणं खरं होतं. ते कागदावर सिद्ध व्हायला बर्लिनची भिंत पडावी लागली.

१९७४ साली पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षानं एक गुप्त योजना मंजूर केली. कागदोपत्री तिचं नाव ‘राज्य योजना विषय १४.२५’. नावात खेळ नाही, औषध नाही, काहीच नाही. या योजनेखाली हजारो खेळाडूंना पुरुषी संप्रेरकांची कृत्रिम रूपं दिली गेली. हा आकडा साधारण दहा हजारांच्या घरात धरला जातो. मुख्य औषध ओरल-ट्युरिनाबोल, येना शहरातल्या येनाफार्म या सरकारी कारखान्यात बनणारं. निळ्या रंगाची छोटी गोळी. प्रशिक्षक ती मुलींच्या हातावर ठेवायचे आणि सांगायचे, जीवनसत्त्वं आहेत. फायलींत तिला विष किंवा संप्रेरक म्हणायची सोय नव्हती. तिथे शब्द होता ‘साहाय्यक साधनं’. असला सोवळा शब्द कानावर पडला की मी तरी आता सावध होतो.

मुलींनाच का एवढं दिलं, याचं कारण साधं आहे. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुळातच भरपूर असतं. स्त्रीच्या शरीरात ते अगदी थोडं. त्या थोडक्यावर बाहेरून ओतलं की फरक प्रचंड पडतो. स्नायू भरतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कष्टानं झालेली झीज लवकर भरून निघते, म्हणून आज मोडून पडलेली मुलगी उद्या पुन्हा तेवढंच वजन उचलायला उभी राहते. त्यासोबत आवाज जाड होतो, तो गोळ्या थांबवल्यावरही परत येत नाही. चेहऱ्यावर केस येतात, पाळी बिघडते, यकृतावर ताण येतो. आणि वाढीच्या वयातल्या पोरांना दिलं तर हाडांची टोकं वेळेआधी जुळून उंची खुंटते.

या योजनेत पकडलं कसं जाऊ नये, याचीही व्यवस्था होती, आणि मला ती सगळ्यात भयंकर वाटते. ड्रेस्डेनजवळ क्राइशा नावाच्या गावी एक प्रयोगशाळा होती. तिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता होती. परदेशात स्पर्धेला निघण्याआधी खेळाडूंचे नमुने तिथे तपासले जात. औषधाचा अंश सापडला तर ती खेळाडू आजारी असल्याचं सांगून घरीच ठेवली जाई. चोर पकडायला उभारलेली चौकी चोरांना रस्ता मोकळा आहे का ते सांगत होती. १९७७ साली हेलसिंकीत गोळाफेकपटू इलोना स्लुपियानेक सापडली, त्यानंतर ही छाननी आणखी कडक झाली.

आता एका मुलीबद्दल. हायडी क्रिगर, पूर्व बर्लिनची. अंग थोराड, मन बुजरं. चौदाव्या वर्षी डायनामो क्लबच्या क्रीडाशाळेत दाखल झाली. गोळाफेक हा तिचा खेळ. सोळाव्या वर्षी चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या निळ्या गोळ्या तिच्या हातात आल्या. अठराव्या वर्षापर्यंत तिचं वजन शंभर किलोच्या आसपास गेलं, आवाज बदलला. १९८६ साली स्टुटगार्टला युरोपीय स्पर्धेत तिनं २१.१० मीटर गोळा फेकला आणि सुवर्णपदक जिंकलं. पुढे फायली उघडल्या तेव्हा कळलं की त्या एका वर्षात तिला २,५९० मिलिग्रॅम ट्युरिनाबोल दिलं गेलं होतं. पाच मिलिग्रॅमची गोळी धरली तर ५१८ गोळ्या, म्हणजे दिवसाला एकीहून जास्त. बायकांचा गोळा चार किलोचा असतो. मी माझ्या मैदानावर तो रोज उचलून पोरींच्या हातात देतो. या मुलीची गोष्ट वाचल्यापासून तो उचलताना दर वेळी तिची आठवण होते.

१९९१मध्ये गुडघे, खुबे आणि पाठ साथ देईनाशी झाली आणि हायडीचा खेळ संपला. १९९७मध्ये तिनं लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. आज ती व्यक्ती आंद्रेआस क्रिगर या नावानं ओळखली जाते. इथे मला जपून बोललं पाहिजे. गोळ्यांमुळेच हे घडलं, असा सोपा हिशोब आंद्रेआस स्वतः मांडत नाहीत. आपण स्त्री की पुरुष हा गोंधळ मनात आधीपासून होता, असं ते सांगतात. त्यांचं दुःख वेगळं आहे. आपण कोण आहोत हे आपल्याआधी दुसऱ्या कुणीतरी, आपल्याला न विचारता ठरवून टाकलं, हे त्यांना सोसवत नाही.

भिंत पडल्यावर हे सारं उघड केलं एका नवराबायकोनं. वेर्नर फ्रांके हे जीवशास्त्रज्ञ आणि ब्रिगिटे बेरेंडोंक या माजी थाळीफेकपटू. बाड सारोव इथल्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्यांना या योजनेचे अहवाल सापडले. कुणाला किती मात्रा दिली, त्यातून किती सेंटिमीटर वाढले, सगळं शास्त्रज्ञांच्या नीटनेटकेपणानं लिहिलेलं. बेरेंडोंकबाईंनी १९९१ साली ते पुस्तकरूपानं छापलं. २००० साली बर्लिनच्या न्यायालयात क्रीडा महासंघाचे प्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय प्रमुख मानफ्रेड ह्योपनर दोषी ठरले. १४२ महिला खेळाडूंना शारीरिक इजा पोहोचवण्यात साथ दिल्याचा आरोप होता. शिक्षा? एवाल्डला २२ महिने, ह्योपनरला १८ महिने, दोन्ही स्थगित. एक दिवसही तुरुंगात जावं लागलं नाही. त्याच खटल्याच्या वेळी आंद्रेआस यांची उटे क्राउझे यांच्याशी ओळख झाली. त्या जलतरणपटू, त्यांनाही हेच दिलं गेलेलं. पुढे दोघांनी लग्न केलं. २०१६च्या कायद्यानं पीडितांना प्रत्येकी १०,५०० युरो मंजूर झाले. आणि आंद्रेआस यांनी स्टुटगार्टचं ते सुवर्णपदक देऊन टाकलं. उत्तेजकांविरुद्ध लढणाऱ्यांना हायडी क्रिगर नावाचं एक मानचिन्ह दिलं जातं, त्यात ते बसवलं आहे.

तुम्ही म्हणाल, ती हुकूमशाही होती, आपल्याकडे असली सरकारी योजना नाही. खरं आहे, नाही. पण २०२२ साली भारतात ३,८६५ नमुने तपासले गेले आणि त्यांतले १२५ दोषी निघाले. हे प्रमाण तीन टक्क्यांहून जास्त, मोठ्या संख्येनं चाचण्या करणाऱ्या देशांत सर्वाधिक. अठरा वर्षांखालच्या दोषींची दहा वर्षांची मोजणी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं केली, तर रशियाखालोखाल भारताचा क्रमांक लागला. सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत तपासनीस येणार अशी कुणकुण लागली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. एक मुलगी शर्यत संपल्यावरही थांबेना, ती पळतच राहिली आणि तपासनीस तिच्या मागे. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात सिरिंजा सापडल्या. हा प्रसंग मला हसण्यावारी नेता येत नाही. ती मुलगी कुणाला घाबरून पळत होती, आणि तिला त्या ट्रॅकवर सोडून तिला ते देणारा त्या क्षणी कुठे उभा होता?

नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, कसं गेलं, हे त्यानं सिद्ध करायचं. आपल्या मुंबईत घडलेला, तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल नरसिंग यादव २०१६ला रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. चाचणीत सापडलेलं औषध आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, हे त्याचं म्हणणं देशातल्या समितीनं मानलं, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं मानलं नाही, आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली. त्या वादाचा निवाडा करणारा मी कोण? पण हा नियम सैल करा असंही मी म्हणणार नाही. तो सैल केला तर उद्या प्रत्येकजण ‘मला माहीत नव्हतं’ म्हणेल. माझी मागणी एवढीच आहे की खेळाडूवर बंदी आली की चौकशीची फाईल तिथे मिटू नये. प्रशिक्षक, जिमवाला, पावडरचा डबा विकणारा, चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देणारा दुकानदार, सगळ्यांच्या दारापर्यंत ती गेली पाहिजे. आपल्याकडे २०२२ साली उत्तेजकविरोधी कायदा झाला आहे. पण तालुक्याच्या मैदानावर धावणारं, कुठल्याच महासंघात नाव नसलेलं पोर त्या कायद्याच्या नजरेत येतच नाही.

त्या मुलाबद्दल सांगायचं राहिलं. पंधरा दिवसांनी तो स्वतःहून बोलला. बाटली मामांनी आणून दिली होती. मामांचं माझ्यावर फार प्रेम आहे सर, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. मी मामांना भेटलो. ताकदीचं औषध म्हणून जिममधल्या एका माणसानं ते त्यांच्या गळ्यात मारलं होतं, उसनवारी करून त्यांनी पैसे भरले होते. बाटली कशाची हे समजल्यावर ते ओट्यावर बसूनच राहिले. मग म्हणाले, “मग पोराला काय देऊ सर? लवकर दमतो तो.” मी विचारलं, रात्री झोपतो किती? तेव्हा कळलं की पोर रात्री एकपर्यंत हायवेवरच्या ढाब्यावर टेबलं पुसतं आणि साडेचारला उठून मैदानावर येतं. मामांनी ते काम सोडवलं, त्याचे पैसे ते आता स्वतः घरात देतात. पोर आठ तास झोपतं. सोळाशे मीटरला अजून पाच मिनिटं चाळीस सेकंद लागतात. जिममधल्या त्या माणसाचं नाव मामांनी पोलीस ठाण्यात जाऊन दिलं, मी सोबत होतो.