बटण दाबल्यावर काय होतं?

चित्र, आवाज, प्रकाश आणि अक्षर यांची जोड म्हणजे मल्टिमीडिया. सिनेमा-गाण्यांपुरतीच ती असते, असं आपण धरून चालतो. आम्ही सरकारी नोकर मात्र तिचं खरं काम निवडणुकीच्या ड्यूटीवर पाहतो.

मतदान यंत्रं आपल्याच हैदराबादच्या ईसीआयएलमध्ये आणि बंगळुरूच्या बीईएलमध्ये बनतात. नावाशेजारी चिन्ह आणि फोटो, बटणापाशी ब्रेल आकडा. बटण दाबलं की लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी 7 सेकंद दिसते आणि लांब बीप ऐकू येतो. मत नोंदलं गेलं, हे डोळ्यांना कळतं आणि कानांनाही.

आपल्याकडच्या कितीतरी आजी तेलुगू सफाईनं बोलतात, पण वाचता येत नाही. इथे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. मत त्यांचं त्यांच्यापाशीच राहतं.

त्याच आजी मोबाईलवर अर्ज भरताना नातवाला पासवर्ड, ओटीपी सगळं सांगून मोकळ्या होतात. पडद्यावर नुसती अक्षरं! शेवटचं बटण दाबलं की गोल चक्र फिरत राहतं. अर्ज गेला की नाही, कोण सांगणार? मग त्या पुन्हा दाबतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या खिडकीवर येतात.

भाजीच्या गाड्यावरचा छोटा डबा पैसे आल्याचं मोठ्यानं सांगतो. अर्जानंही तसं सांगावं. बँकेतली शिल्लक मात्र अशी ओरडून सांगायची नसते बरं का! म्हणूनच बोलक्या एटीएमला इयरफोन लावायची सोय असते.